आठशे ऐंशींपैकी एक

१९६१-६२ या वर्षात भारतात ८८० ट्रॅक्टर बनले. अख्ख्या देशात, बारा महिन्यांत मिळून. २०२२-२३ मध्ये देशातल्या देशात विकले गेले सुमारे ९ लाख ४५ हजार. परदेशी गेले ते वेगळे. या दुसऱ्या आकड्याला ३६५ नं भागलं, रविवार-सणवार सगळे धरून, तरी दिवसाला २,५९० च्या आसपास ट्रॅक्टर येतात. म्हणजे विक्री चोवीस तास चालते असं धरलं, तरी तेव्हाचं वर्षभराचं उत्पादन आज सुमारे आठ तासांच्या एका पाळीत खपतं. सकाळी आठला शोरूमची शटरं वर गेली, की चारच्या चहापर्यंत १९६१-६२ संपलेलं असतं.

त्या ८८० पैकी एखादा आज कुणाच्या गोठ्यामागे, बाभळीखाली उभा असेल. टायर मातीत रुतलेले, सीटवर पोतं, सायलेन्सरच्या तोंडावर पालथा डबा. त्याची किंमत काय? भंगारवाला त्याचं वजन करतो. घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणतो, ‘अँटीक आहे, लाखो येतील.’ दोघंही एकेकच आकडा हातात धरून बोलतात, एक किलोचा आणि एक सालाचा. जुन्या डिझेल ट्रॅक्टरची किंमत मात्र तीन निराळ्या आकड्यांतून ठरते: धड अवस्थेत किती उरले, ते हवे असणारे किती, आणि हा तोच आहे याचा पुरावा किती पक्का. बनले किती, हा आकडा सर्वांत सहज सापडतो आणि सर्वांत कमी सांगतो.

तरी सुरुवात त्याच्यापासूनच करू. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून २४ एप्रिल १९५९ ला बाहेर पडला. १९६१-६२ मध्ये मद्रासच्या टॅफेनं मॅसी फर्ग्युसनशी हात मिळवून नुकतीच सुरुवात केली होती. महिंद्रांची इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबरची ट्रॅक्टर कंपनी यायला १९६३ उजाडावं लागलं. त्यामुळे ८८० हा आकडा लहान असला तरी तो एका उद्योगाच्या बाळपणाचा आकडा आहे.

त्यातले उरले किती? समजा, दरवर्षी शंभरातले पाच मोडीत निघतात. हा दर मी उदाहरणापुरता धरला आहे, कुठल्या मोजणीतून घेतलेला नाही. पहिल्या वर्षाअखेर ८८० चे ८३६ होतात. हानी फारशी वाटत नाही. पण हेच साठ वर्षं चाललं की उरतात ४०. आता दर पाचाऐवजी सात धरा. साठ वर्षांनी उरतात ११. शेकडा दोनाचा फरक, आणि उरलेल्यांत साडेतीन पटींहून जास्त तफावत. गावात गॅस कटरवाला जवळ आहे की लांब, एखाद्या वर्षी भंगाराचा भाव चढला की पडला, असल्या किरकोळ गोष्टींवर हा दोनाचा फरक पडतो.

मग चाळण्या लागतात. उरलेल्यांत मूळ इंजिन कितींवर आहे? आमच्याकडे ट्रॅक्टर जपून ठेवण्यासाठी कुणी घेतला नाही, कमवण्यासाठी घेतला. ऐन पेरणीत ब्लॉक फुटला तर जे मिळेल ते इंजिन बसवायचं आणि वाफसा जायच्या आत रान गाठायचं. त्यात चूक काहीच नव्हतं. पण प्रत्येक चाळणीत निम्मे गळतात असं धरलं, मूळ इंजिन, मूळ डिझेल पंप, मूळ पत्रा, आणि जुळणारी कागदपत्रं, तर चाळीसाचे वीस, वीसाचे दहा, दहाचे पाच, आणि शेवटी दोन किंवा तीन. देशात तेवढेच. संग्राहक ‘दुर्मीळ’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हा शेवटचा आकडा असतो.

आता एवढं दुर्मीळ म्हणजे महाग, असं मन लगेच म्हणतं. इथेच थांबायला हवं.

जगात ‘बिग बड ७४७’ नावाचा ट्रॅक्टर एकच आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, हॅवर गावी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो बनला. सोळा सिलिंडरांचं डिझेल इंजिन, सुरुवातीला ७६० अश्वशक्ती, पुढे वाढवत ९०० आणि त्याहूनही वर. वजन ४५ टनांच्या पुढे. मागे ८० फूट रुंदीचा कल्टिव्हेटर, आणि वेग असा की मिनिटाला एक एकर. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांहून थोडी जास्त. बिग बडला ती साडेतीन मिनिटंसुद्धा पुरत नाही. आपल्याकडची कित्येक वावरं तर त्या ८० फुटी अवजारापेक्षा अरुंद आहेत. याहून दुर्मीळ काही असू शकत नाही, पण ते चालवायला जमीन हवी, टायर हवे, आणि त्याची हौस परवडणारा माणूस हवा. एकुलत्या एका वस्तूला बाजारभाव नसतोच. दोन माणसं एकाच वेळी हटून बसली तर त्या दिवसापुरता तो जन्मतो.

त्याच देशात कॅटरपिलरनं १९३१ मध्ये आपला पहिला डिझेल ट्रॅक्टर विकायला काढला, ‘डिझेल सिक्स्टी’. साखळीपट्ट्यांवर चालणारा हा दांडगा दोन वर्षांत १५७ एवढाच बनला. चार सिलिंडर मिळून जवळजवळ १८ लिटरचं इंजिन. ते सुरू करायला वेगळं छोटं पेट्रोल इंजिन लागायचं: आधी धाकटं चालू करायचं, मग त्याच्या जोरावर थोरलं फिरवायचं. १५७ चे साठ वर्षांत, वरच्याच पाच टक्क्यांच्या हिशोबानं, सात उरतात. इथे मात्र दुर्मीळपणाला वजन आहे, कारण कॅटरपिलरच्या नंतरच्या पिवळ्या डिझेल यंत्रांचा सगळा वंश या मूठभरांपासून सुरू झाला आणि तो जपणारे लोक जगभर पसरले आहेत. संख्या लहान, घराणं मोठं.

आणि दुसऱ्या टोकाला इंग्लंडातलं कॉव्हेंट्री. बॅनर लेनच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत फर्ग्युसन टीई-२० हा करडा, बुटका ट्रॅक्टर ५,१७,६५१ इतका बनला. कारखाना अहोरात्र चालला असं धरलं तरी दर दहा मिनिटांनी एक. प्रत्येकाची लांबी तीन मीटरला थोडी कमी. एकामागे एक लावले तर रांग १,५०० किलोमीटरच्या वर जाईल. मुंबईहून रेल्वेमार्गानं निघालेली ती रांग दिल्ली ओलांडून पुढे गेलेली असेल. १९५१ पासून त्याला डिझेल इंजिनही मिळू लागलं. हॅरी फर्ग्युसनची तीन सांध्यांची हायड्रोलिक लिफ्ट याच ट्रॅक्टरनं जगभर पोचवली. आज बार्शीत किंवा येवल्यात कुठल्याही कंपनीच्या ट्रॅक्टरमागे नांगर ज्या तीन सांध्यांवर लटकतो, ते तेच.

पाच लाखांत दुर्मीळ काय असणार? ४ जानेवारी १९५८ ला एडमंड हिलरी आणि त्यांचे साथी दक्षिण ध्रुवावर पोचले ते यातल्याच तीन ट्रॅक्टरांवर. एव्हरेस्ट चढलेला माणूस पाच वर्षांनी बर्फावरून सुमारे दोन हजार किलोमीटर शेतीचा ट्रॅक्टर हाकत गेला. जमिनीवरून ध्रुवापर्यंत गेलेली पहिली मोटारवाहनं तीच. ती पेट्रोलवर चालणारी होती, डिझेलवर नव्हे, पण मुद्दा तोच राहतो. यंत्र म्हणून त्या तिघांत आणि उरलेल्या ५,१७,६४८ मध्ये साखळीपट्टे सोडले तर फारसा फरक नाही. फरक आहे तो कोणता ट्रॅक्टर कुठे गेला हे सिद्ध करता येण्यात. सगळ्यांत सर्रास मिळणारा ट्रॅक्टर, आणि त्यातला पावणेदोन लाखांत एक असा अनमोल.

मला स्वतःला सर्वांत शिकवून जाणारं उदाहरण वाटतं ते याच घराण्यातल्या पुढच्या ट्रॅक्टरचं. १९५६ च्या शरद ऋतूत बॅनर लेनमधून ‘एफई-३५’ आला, तोच पुढे लाल रंगात मॅसी फर्ग्युसन ३५ झाला. पहिली तीन वर्षं डिझेलवाल्याला चार सिलिंडरांचं स्टँडर्ड कंपनीचं इंजिन असायचं. थंडीत ते सुरू करणं म्हणजे शिक्षा; ही त्याची बदनामी आजही गेलेली नाही. १९५९ च्या अखेरीस तीन सिलिंडरांचं पर्किन्स इंजिन आलं आणि ते सेल्फ मारताच बोलू लागलं. मग लोकांनी काय केलं? चार सिलिंडरवाल्यांची इंजिनं उतरवली आणि त्या जागी पर्किन्स चढवली. म्हणजे आधीच कमी काळ बनलेला प्रकार, त्यात मालकांनीच बदलून आणखी कमी केलेला. मूळ चार सिलिंडरांसह उरलेला डिझेल ३५ तीन सिलिंडरवाल्यापेक्षा नक्कीच दुर्मीळ आहे. तरी इंग्लंडातल्या बाजारात बहुतेक वेळा जास्त पैसे घेऊन जातो तो तीन सिलिंडरवाला. ज्याला हवासा म्हणणारे हजार, तो हजारांनी असला तरी महाग. ज्याला कुणी विचारत नाही, तो एकटा असला तरी स्वस्त.

आणि लगेच याला छेद देणारी गोष्ट. त्याच नावडत्या इंजिनासह पहिल्या वर्षभरात जे ट्रॅक्टर निघाले, त्यांचं अंग करडं आणि इंजिन-गिअरपेटी तांब्या-सोन्याच्या रंगाची होती. १९५७ संपता संपता लाल रंग आला आणि हा रंग गेला. त्या सोनेरी पोटाच्या ट्रॅक्टरांना आज संग्राहक वेगळा मान देतात आणि वेगळे पैसेही. इंजिन तेच, सुरू होण्याची कटकट तीच. पण एक वर्षच टिकलेला रंग लांबून ओळखू येतो, आणि लांबून ओळखू येणाऱ्या गोष्टीची हौस पसरते. इंजिनाच्या आतली दुर्मीळता दोघा मिस्त्र्यांना कळते, रंगाची जत्रेतल्या प्रत्येकाला.

३५ च्याच वंशातला १०३५ टॅफे आजही भारतात विकते. पर्किन्सच्या परवान्यावर चेन्नईत सिम्प्सन कंपनी इंजिनं बनवू लागली तेव्हापासून त्या जातीच्या लायनर-पिस्टनपासून नोजलपर्यंत सगळं आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मिळतं. जुन्याची किंमत करताना ‘पार्ट मिळतो का?’ हा प्रश्न म्हणून पहिला. ज्याचा पंप-एलिमेंट कुठेच मिळत नाही तो ट्रॅक्टर शेतकऱ्याला निव्वळ लोखंड, पण चाहत्याला कोडं, आणि कोड्याला पैसे मोजणारे थोडेच.

आता इंजिनाच्या आत जाऊ, कारण खरे डोकं फिरवणारे आकडे तिथे आहेत. पर्किन्सच्या त्या तीन सिलिंडरी इंजिनात पिस्टनची एका दिशेची धाव (स्ट्रोक) १२७ मिलिमीटर. समजा ट्रॅक्टर साठ वर्षांत दहा हजार तास चालला, सरासरी मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर. एकूण फेऱ्या नव्वद कोटी. दर फेरीला तीन सिलिंडर मिळून दीड स्फोट, म्हणजे एकशे पस्तीस कोटी स्फोट. प्रत्येक पिस्टन वर-खाली करत धावलेलं अंतर २ लाख २८ हजार किलोमीटरांच्या पुढे, चंद्राच्या वाटेवर निम्म्याहून जास्त. आणि एवढं घासल्यावर सिलिंडरची झीज मोजायची ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. पाव मिलिमीटर गेलं तर मिस्त्री मान हलवतो, ‘बोअर काढावा लागेल.’

डिझेल पंप याहून अचाट. पूर्ण ताकदीवर हे इंजिन तासाला सात लिटरच्या आसपास डिझेल खाईल. तासाभरात नोजलमधून फवारे उडतात १ लाख ३५ हजार. भागून पाहा: एका फवाऱ्यात साधारण पन्नास घन मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. तो थेंब दीड-दोनशे वातावरणांच्या दाबानं, सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या भागात, धुकं होऊन आत जातो. हे जमण्यासाठी पंपातला दांडा आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनांची असावी लागते. माणसाचा केस त्या फटीच्या वीस-तीस पट जाड असतो. म्हणून जुन्या ट्रॅक्टरवरचा मूळ, धड पंप हा नुसता सुटा भाग नसतो. कापूस-पऱ्हाटीच्या धुळीत, भेसळीच्या डिझेलवर, गाळणी न बदलता चाललेल्या यंत्रात ती फट साठ वर्षं टिकली असेल तर मालकानं ट्रॅक्टर कसा सांभाळला याचा तो सर्वांत विश्वासू साक्षीदार.

हे सगळं बाहेरून तपासायचं कसं? ट्रॅक्टर थंड असताना जायचं. सेल्फला हात लावण्याआधी मॅनिफोल्डवर तळहात ठेवायचा. कोमट लागला तर विकणाऱ्यानं सकाळीच एकदा चालवून ठेवला आहे असं समजायचं. सुरू झाल्यावर धूर पाहायचा. पांढरा रेंगाळला तर कॉम्प्रेशन किंवा नोजल, निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. ब्रीदरवर बोट धरायचं. भकाभका वाफ येत असेल तर रिंगा गेल्या. नांगर उचलून इंजिन बंद करायचं आणि चहा पिऊन यायचं. नांगर किती खाली आला ते लिफ्टचं खरं वय. या अर्ध्या तासात चाळीस-पन्नास हजारांचा फरक ठरतो, आणि तो ट्रॅक्टरच्या सालावरून कधीच कळला नसता.

भंगाराचा आकडा तर सरळ आहे. चौदाशे किलोचा ट्रॅक्टर, किलोला तीस रुपये धरले तर बेचाळीस हजार. याखाली किंमत जात नाही. कामाचा आकडा त्याच्या वर. पण त्याच ट्रॅक्टरनं दहा हजार तासांत, तासाला चार लिटर या बेतानं, चाळीस हजार लिटर डिझेल जाळलं. लिटरला नव्वद रुपये धरले तर ते छत्तीस लाखांचं होतं. ताशी पाच किलोमीटरनं धरलं तर तो चालला पन्नास हजार किलोमीटर, पृथ्वीच्या घेरापेक्षा जास्त, आणि तेही बहुतेक चारदोन गावांच्या शिवारात. बेचाळीस हजारांचा आकडा ऐकताना मला हे दुसरे आकडे आठवतात आणि राग येतो.

कारण टंचाईचीही एक आठवण या देशाला आहे. १९७१ मध्ये ट्रॅक्टरच्या वाटपावर आणि विक्रीवर सरकारला नियंत्रण आदेश काढावा लागला, इतके ते कमी पडत होते. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या त्या ट्रॅक्टरांना आज कुणी नंबरानंही ओळखत नाही. महिंद्रांचा दहा लाखावा ट्रॅक्टर २००४ मध्ये झाला, चाळीस वर्षं लागली. वीस लाखावा २०१३ मध्ये, नऊ वर्षांत. तीस लाखावा २०१९ मध्ये, सहा वर्षांत. चाळीस लाखावा २०२४ मध्ये, पाच वर्षांत. या पुरात साठच्या दशकात महिंद्रांच्या कांदिवली कारखान्यात बनलेला एखादा बी-२७५ कुठे गेला, हे कोण लिहून ठेवणार? जे सर्रास असतं तेच न मोजता संपतं, कारण ते संपेल असं कुणाला वाटतच नाही. पाच लाख टीई-२० बनवणाऱ्या इंग्लंडात त्यांच्या क्रमांकांवरून साल काढण्याचे तक्ते हौशी लोकांनी घरोघर पोचवले. जगातली संख्येनं सर्वांत मोठी ट्रॅक्टर बाजारपेठ आपली आहे, आणि आपल्या पहिल्या पिढीच्या ट्रॅक्टरांची अशी वही प्रत्येक तालुक्यात हवी असं मला मनापासून वाटतं.

तोवर ज्याच्या दारात तसा ट्रॅक्टर आहे त्यानं करायचं काम थोडं आहे. चेसिसची प्लेट रॉकेलच्या बोळ्यानं पुसावी, पॉलिश पेपर लावू नये. कोरलेले आकडे घासून जातात आणि मग ते कुणालाच परत आणता येत नाहीत. इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर वेगळा असतो, तो शोधावा. ओतकामात उमटलेली तारीख किंवा अक्षरं दिसली तर तीही लिहून घ्यावी, कारण प्लेट दुसऱ्या ट्रॅक्टरवरून आणून ठोकता येते, ओतकाम बदलता येत नाही. हे सगळं आरसी बुकाशी जुळवून पाहावं. पहिल्या मालकाचं नाव, खरेदीची पावती, बँकेच्या कर्जाचा कागद, लग्नात ट्रॅक्टरपुढे काढलेला फोटो, जे सापडेल ते एका पिशवीत ठेवावं. आणि कुणी येऊन ‘नुसता पंप द्या, पंधरा हजार देतो’ म्हणाला तर देऊ नये. पंप गेला की ट्रॅक्टर दुसऱ्याच चाळणीत गळतो आणि त्याचा भाव पुन्हा किलोवर येतो.